शेंग नसताना मुरुडशेंग ओळखण्याची रीत: नाशिकच्या रानासाठी मार्गदर्शक

नाशिकमधील जुन्या घरांत बाळगुटीची पुडी उघडली की वेखंड, हळकुंड, जायफळ आणि हिरड्याबरोबर स्क्रूसारखी पीळ पडलेली एक काळपट शेंग हाती लागते. तिला मुरुडशेंग म्हणतात, हे आजी-पणजीच्या हाताखाली वाढलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ज्या झुडपाला ती लागते ते झुडूप पेठच्या किंवा हरसूलच्या रस्त्याला, गाडी थांबवून आपण चहा पितो त्या टपरीच्या मागेच उभे असते आणि शेंगांचा हंगाम नसेल तर शंभरातील नव्वद माणसे त्याच्याकडे पाहून पुढे जातात. मीही कित्येक वर्षे तसाच पुढे जात होतो. शेंग, फूल, पान, साल यांपैकी जे काही हाताशी असेल तेवढ्यावरून हे झुडूप कोणत्याही महिन्यात खात्रीने ओळखता यावे, त्याच्या रचनेमागील कारणे कळावीत आणि इच्छा असल्यास बियांपासून त्याचे रोप करता यावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

नावाचा उलगडा आधी केलेला बरा, कारण रानात विचारपूस करताना तो उपयोगी पडतो. मराठीत मुरुडशेंग, मुरडशेंग आणि केवण किंवा केवणी ही नावे चालतात. पहिली दोन प्रामुख्याने शेंगेची आहेत, तर केवण हे झुडपाचे नाव आहे. त्यामुळे दोर वळणाऱ्या माणसाला ‘मुरुडशेंगेचे झाड कुठे आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘इकडे केवण आहे का’ असे विचारल्यास उत्तर लवकर मिळते. संस्कृतात हिला आवर्तनी म्हणतात, हिंदीत मरोड़फली. वनस्पतिशास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा असे असून ते लिनियसने १७५३ मध्ये दिले. त्यातील पहिला शब्द पिळदार वस्तूसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे, तर दुसरा मलयाळम भाषेतील आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला, त्यात हे झुडूप स्थानिक नावाने आले होते आणि तेच नाव पुढे लॅटिन होऊन बसले. मराठी नावात एक गमतीदार दुहेरीपणा आहे. मुरड म्हणजे वळसा आणि मुरडा म्हणजे पोटात पीळ पडून येणारी कळ. शेंगेला नाव तिच्या वळशावरून पडले की ती ज्या दुखण्यावर दिली जाते त्यावरून, हा वाद सोडवण्याची गरज नाही, कारण दोन्ही अर्थ मुळात पिळाचेच आहेत.

पूर्वतयारी

सामान थोडेच लागते. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, सेंटीमीटरची पट्टी, नवे ब्लेड, पेन्सिल आणि वही. पेनाऐवजी पेन्सिल अशासाठी की त्र्यंबकच्या पावसात शाई टिकत नाही. भिंग मात्र चांगले घ्यावे. या झुडपाची सर्वांत पक्की खूण नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने काढलेले मोठे छायाचित्र भिंगाची जागा घेऊ शकत नाही, कारण भिंगाखाली पान वळवून उजेडाची दिशा बदलता येते.

तोडण्याबाबतचा नियमही आधीच ध्यानात घ्यावा. राखीव वनातून परवानगीवाचून वनोपज काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा ठरू शकतो आणि अभ्यासाचे कारण सांगितल्याने तो गुन्हा राहत नाही, असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क वननिवासी समाजाला दिलेला आहे. म्हणून बांधावरील, मालकीच्या रानातील किंवा रस्त्याकडेच्या झुडपावर मालकाला विचारून अभ्यास करावा आणि वनात केवळ पाहावे, मोजावे व चित्र काढावे. ओळख पटवण्यासाठी एक पान पुरते. फांदी मोडण्याचे कारण पडत नाही.

कुठे शोधावे

नाशिक जिल्ह्याचा पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जातो. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडणारा पाऊस नाशिक शहरात सातशेच्या आसपास येतो आणि सिन्नर-येवल्याकडे आणखी घटतो. केवण ही पानगळीच्या जंगलातील झुडपी वनस्पती आहे. साग, ऐन, धावडा, पळस यांच्या सावलीच्या कडेला, जेथे ऊन-सावलीचा खेळ असतो आणि जमीन उताराची व निचऱ्याची असते, तेथे ती सुखाने वाढते. म्हणून शोध पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या पट्ट्यात घ्यावा. डोंगराच्या अगदी माथ्यावरील उघड्या कातळावर ती सापडण्याची आशा धरू नये. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीला जाणाऱ्यांचे लक्ष माथ्याकडे असते आणि पायथ्याचे झुडपी रान ते पंधरा मिनिटांत ओलांडतात. आपल्याला मात्र त्या पंधरा मिनिटांच्या वाटेवरच अर्धा दिवस घालवायचा आहे. भारताबाहेर श्रीलंका, नेपाळ, दक्षिण चीन, आग्नेय आशिया ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत हेच झुडूप आढळते, त्यामुळे आपल्या रानातील ही दुर्मीळ वनस्पती आहे असा गैरसमज करून घेऊ नये. दुर्मीळ आहे ती तिची ओळख.

जेथे जंगलतोड झाली आहे किंवा वणवा जाऊन गेला आहे अशा ठिकाणीही केवण दिसते, आणि त्याला कारण आहे. वरचा भाग तोडला किंवा जळला तरी बुंध्यातून आणि मुळांतून नवे धुमारे फुटतात. एकाच जागी दहा-बारा सरळ, बारीक काठ्यांचा झुबका दिसला की तो अशा पुनर्वाढीचा असण्याची शक्यता मोठी असते.

दुरून आणि हात लावून

दहा पावलांवरून प्रथम उंची पाहावी. बहुधा ती दीड ते तीन मीटर असते आणि अनुकूल जागी पाच मीटरपर्यंत जाते, तेव्हा तिला लहान झाड म्हटले तरी चालेल. मुख्य खोड असे ठळक नसते. करड्या सालीच्या अनेक फांद्या तळापासून निघून बाहेर झुकतात. फांदीवरील पाने दोन बाजूंना दोन रांगांत, एकाआड एक लागलेली असतात, त्यामुळे आडवी फांदी चपटी, जणू इस्त्री करून ठेवल्यासारखी दिसते. येथपर्यंतच्या खुणांवरून शंका घ्यावी, निर्णय घेऊ नये, कारण ही ठेवण आपल्या रानात आणखी कित्येकांची आहे.

आता जवळ जाऊन सालीची परीक्षा घ्यावी. वाळून पडलेल्या किंवा आधीच मोडलेल्या कोवळ्या काडीची साल नखाने उचलून ओढली असता ती तुटत नाही, तर लांब पट्टीच्या रूपात सोलत जाते. त्या पट्टीला पीळ देऊन ताणून पाहिल्यास तिचे बळ लक्षात येते. केवणीच्या सालीचे दोर वळण्याची रीत जुनी आहे आणि त्यासाठी जून फांदी न घेता वर्ष-दीड वर्षाचे सरळ धुमारे घेतात. त्यांची साल पाण्यात कुजवून धागा मोकळा करतात. वय वाढले की धागा राठ आणि ठिसूळ होतो. अर्थात चिवट साल ही खूणही एकट्या केवणीची नाही. ती तिच्या साऱ्या गोतावळ्याची आहे, आणि तेथेच पुढच्या गोंधळाचे मूळ आहे.

पान: येथे घाई करू नये

मुरुडशेंग ओळखण्याचे खरे काम पानावर होते, कारण फूल चार महिने असते आणि शेंग आणखी काही महिने, तर पान वर्षातील बहुतेक काळ हाताशी असते. पूर्ण वाढलेले एक पान घेऊन पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

आधी आकार. पान रुंद असते, लांबी साधारण सहा ते पंधरा सेंटीमीटर, आणि सर्वांत जास्त रुंदी मध्यावर नसून टोकाकडच्या अर्ध्या भागात असते. टोक हळूहळू निमुळते होत नाही. रुंद गोलसर पान एकाएकी संपते आणि त्यातून लहानशी अणी पुढे येते, तिच्या आजूबाजूला कडेचे एक-दोन उथळ खंडही दिसतात. एखाद्याने पान काढता काढता मन बदलावे तसा हा आकार असतो. कडा अनियमित दातेरी असतात. करवतीसारखे सारखे दात येथे नसतात, लहान-मोठे मिसळलेले असतात.

नंतर तळ. देठ अगदी आखूड, साधारण एक सेंटीमीटरचा. पानाचा तळ हृदयाकृती आणि किंचित तिरपा असतो, म्हणजे मधल्या शिरेच्या दोन बाजू देठापाशी सारख्या ठिकाणी मिळत नाहीत. तळापासून किती शिरा निघतात ते मोजावे. बहुधा पाच ते सात ठळक शिरा पंजासारख्या पसरतात. ही मोजणी वहीत नोंदवावी, पुढे तिची गरज पडेल. देठाच्या बुडाशी सुतासारखी बारीक उपपर्णे असतात. ती लवकर गळतात, म्हणून ती पाहण्यासाठी शेंड्याकडचे कोवळे पान घ्यावे.

आता स्पर्श. पानाचा वरचा पृष्ठभाग बोटाने टोकाकडून देठाकडे चोळला असता खरखरीत लागतो, खालचा मात्र मऊ, लवदार. हा फरक डोळे मिटूनही कळतो, आणि मुलांना शिकवताना मी हाच प्रयोग पहिल्यांदा करायला सांगतो, कारण तो विसरला जात नाही.

सर्वांत शेवटी भिंग. पान उलटे करून, उजेड बाजूने पडेल असे धरून, शिरांच्या कडेला पाहावे. लव म्हणजे सुटे सुटे केस नसून एका बिंदूतून चहूकडे पसरलेल्या केसांचे गुच्छ दिसतात, आकाशकंदिलाच्या चांदणीसारखे. यांना ताराकार केस म्हणतात. हे केस पानावर, कोवळ्या फांदीवर, फुलाच्या संवर्तावर (पाकळ्यांबाहेरच्या आवरणावर) आणि पुढे शेंगेच्या सालीवरही आढळतात. गुटीची शेंग घरात असेल तर तिच्या खाचांतही भिंगाने शोध घ्यावा. घासून झिजलेल्या भागावर ते उरलेले नसतात, पण खाचेत सापडतात, आणि डब्यातील शेंग व रानातील पान एकाच झुडपाची आहेत याची त्या क्षणी जी खात्री पटते ती पुस्तकाने पटत नाही.

सारखी दिसणारी भावंडे

ताराकार केस, चिवट साल, पंजासारख्या शिरा ही सारी भेंडी-कापसाच्या कुळाची लक्षणे आहेत. पूर्वी मुरुडशेंग स्टर्क्युलिएसी या वेगळ्या कुळात आणि धामण हे झाड टिलिएसी या कुळात घालत असत. गेल्या तीस-एक वर्षांत जनुकीय पुराव्याच्या आधारे ही कुळे आणि सावरीचे कुळही माल्व्हेसी या मोठ्या कुळात विलीन करण्यात आले. म्हणून आज जास्वंद, भेंडी, कापूस, सावर, धामण आणि मुरुडशेंग ही सगळी एका घरची मानली जातात. एवढेच नव्हे, तर ज्या फळाच्या उग्र वासामुळे आग्नेय आशियातील हॉटेलांत ते आणू देत नाहीत तो दुर्यान मुरुडशेंगेच्याच उपकुळातला आहे. धामण केवणीसारखी का दिसते, हे आता समजते: ती चुलत बहीण आहे.

धामण आणि फालसा यांच्याशी होणारा घोटाळा सर्वांत मोठा असल्याने तो नीट सोडवावा. त्यांची पानेही दोन रांगांत, तिरप्या तळाची आणि ताराकार केसांची असतात. पण धामणीच्या पानाच्या तळापासून बहुधा तीन ते पाच ठळक शिरा निघतात आणि पान टोकाकडे क्रमाने निमुळते होते. टोकाजवळचे ते अनियमित खंड आणि एकाएकी आलेली अणी तेथे नसते. फुले पिवळसर, सरळ साधी, आणि फळ वाटाण्याएवढे गरयुक्त असते. मी स्वतः पहिल्या उन्हाळ्यात एक संपूर्ण ओढा ‘केवणीचा’ म्हणून वहीत उतरवला होता. पावसाळ्यात त्यातील निम्म्या झुडपांना पिवळी फुले आली आणि ती पाने फाडावी लागली. शिरा मोजल्या असत्या तर ती वेळ आली नसती.

वनभेंडी ही दुसरी भावंडे-मंडळींतली. तिला गुलाबी फुले आणि कपड्यांना चिकटणारी काटेरी फळे येतात, ती बरीच लहान राहते, तेव्हा फार काळ फसवत नाही. कुडा कधी कधी सांगितला जातो, पण त्याची पाने समोरासमोर असतात आणि पान तोडताच पांढरा चीक येतो, त्यामुळे तेथे शंकेला जागाच नाही.

फूल

नाशिक परिसरात पाऊस स्थिरावल्यावर, श्रावणाच्या आसपास, फुलांना जोर येतो आणि दिवाळीपर्यंत ती तुरळक सापडतात. पावसाच्या लहरीप्रमाणे हे मागेपुढे होते. फुले पानांच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-चारच्या झुबक्यात येतात. एकाच झुबक्यात विटकरी-तांबडी आणि निळसर-करडी अशी दोन रंगांची फुले दिसली तर दोन जाती आहेत असे समजू नये. ताजे फूल तांबडे असते आणि तेच जुने होताना शिशासारख्या रंगाकडे झुकते. शोधणाऱ्याला ही मोठी सोय आहे, कारण असा रंगपालट आपल्या रानातील फार थोड्या झुडपांत इतका उघड दिसतो.

एक ताजे फूल तळहातावर घेऊन सावकाश उकलावे. बाहेरचा संवर्त नळीसारखा, वरच्या कडेला पाच असमान दात असलेला आणि लवदार असतो. त्यातून पाच पाकळ्या बाहेर येऊन मागे वळतात. त्या सारख्या नसतात, दोन मोठ्या व रुंद, तीन लहान. जास्वंदीचे फूल कोणत्याही बाजूने सारखे कापता येते, हे तसे कापता येत नाही. त्याला वर-खाल आहे, चेहरा आहे. आणि या चेहऱ्यातून तीन-चार सेंटीमीटर लांबीचा एक बाकदार दांडा बाहेर डोकावतो, ज्याच्या टोकाशी फुलाचे सगळे प्रजनक अवयव एकवटलेले असतात.

हा दांडा म्हणजे मुरुडशेंगेच्या फुलाचे मर्म. सामान्य फुलात केसरदले, म्हणजे पराग देणारे नर अवयव, आणि किंजपुट, म्हणजे पुढे ज्याचे फळ होते तो मादी अवयव, पाकळ्यांच्या तळाशी बसलेली असतात. येथे ती उचलून एका दांड्याच्या शेंड्यावर नेलेली आहेत. ब्लेडने दांड्याचे टोक उभे कापून भिंगाखाली धरावे. बाहेरून दहा केसरदले, त्यांच्या आत पाच वंध्य, म्हणजे पराग न देणारी, खवल्यांसारखी केसरदले, आणि मधोमध पाच कप्प्यांचा किंजपुट. या किंजपुटाकडे बारकाईने पाहावे, कारण त्याचे कप्पे आताच, फळ धरण्याच्याही आधी, एकमेकांभोवती वळू लागलेले दिसू शकतात.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मिळवायचे तर सकाळी सात ते नऊ या वेळात झुडपापासून सात-आठ पावलांवर स्तब्ध बसावे. मध संवर्ताच्या नळीच्या तळाशी असतो आणि तो घेण्यासाठी शिंजीर येतात. पक्षी चोच नळीत घालतो तेव्हा बाकदार दांड्याचे टोक त्याच्या डोक्याला लागते, पराग तेथे चिकटतो आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, पोचतो. तांबडा रंग, लांब नळी, भरपूर मध आणि मजबूत दांडा हे सगळे पक्ष्यासाठी बेतलेले आहे. फुलपाखरे आणि मुंग्याही येतात, परंतु दांड्याच्या टोकाला स्पर्श न करता मध घेऊन जाणारा पाहुणा झुडपाच्या दृष्टीने फुकटा. कोण आला, किती वेळ थांबला आणि दांड्याला शिवला की नाही, या तीन रकान्यांची नोंद तीन-चार सकाळी ठेवली तर परागवहनावरील प्रकरण वाचण्यापेक्षा अधिक समजते.

शेंग, जी शेंग नव्हेच

वनस्पतिशास्त्रात शेंग म्हणजे तूर-वालासारख्या शिंबावंत कुळातील एकाच किंजदलापासून, म्हणजे किंजपुटाच्या एका घटकापासून, झालेले फळ. मुरुडशेंगेत पाच किंजदलांपासून झालेल्या पाच पेटिका असतात आणि त्या दोरीच्या पाच पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात. पूर्ण वाढलेले फळ चार ते सहा सेंटीमीटर लांब, टोकाला चोचीसारखे निमुळते, आधी हिरवे, लवदार आणि पिकल्यावर तपकिरी-काळपट होते. मार्गशीर्ष-पौषात ही फळे वाळून तडकू लागतात. प्रत्येक पेटिका आतल्या शिवणीवर उकलते आणि लहान, कोनदार, गडद रंगाचे बी बाहेर सांडते. घरातील शेंग सहाणेवर उगाळण्यापूर्वी एकदा पाण्यात भिजवून हाताने उलट्या दिशेने उलगडून पाहावी. पाच पेड वेगळे होताना दिसतात.

पिळाची दिशा नोंदवणे हा सोपा आणि वेळ छान घालवणारा अभ्यास आहे. शेंग उभी धरून तिच्या समोरच्या बाजूवरील खाच खालून वर जाताना उजवीकडे झुकते की डावीकडे, ते लिहावे. शेंग उलटी धरली तरी उत्तर बदलत नाही, जसे स्क्रू उलटा धरल्याने त्याचे आटे बदलत नाहीत. एका झुडपावरील वीस शेंगा आणि शेजारच्या झुडपावरील वीस अशी गणना करून, ती दिशा झुडपागणिक ठरते का, की एकाच फांदीवर दोन्ही सापडतात, हे स्वतःच्या आकड्यांवरून ठरवावे.

गोदाघाटाच्या बुधवारच्या बाजारात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात विकत घेताना शेंग अखंड, पेड घट्ट आणि आत बी असलेली घ्यावी. कानाशी हलवून आवाज पाहावा. वाळवीचे किंवा किड्याचे बारीक भोक असलेली आणि बुरशीचा वास येणारी टाळावी. बाळगुटीविषयी येथे एवढेच सांगणे पुरेसे आहे की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असा आजच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. सहाण, शेंग आणि पाणी यांपैकी काहीही निर्जंतुक नसते. परंपरेबद्दलचा आदर बाजूला न सारताही हा सल्ला पाळता येतो. मोठ्या माणसांनीही जुलाब-मुरड्यावर ही वापरायची तर वैद्याच्या देखरेखीखालीच वापरावी.

नमुना आणि नोंदवही

मालकाच्या संमतीने एक फुलांची आणि एक फळांची डहाळी मिळाली तर कायमचा नमुना करावा. डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, एक पान मुद्दाम उलटे ठेवून, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग दिसतील, दोन फळ्यांमध्ये दाबावी. पावसाळ्यात कागद रोज बदलावा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. शेंग जाड असल्याने ती पानांबरोबर न दाबता वेगळी वाळवून कागदी पाकिटात ठेवावी. वाळलेला नमुना साधारण ४२ × २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर टाचावा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात गाव, तारीख, उंची, सोबतची झाडे आणि फुलाचा ताजा रंग लिहावा. रंग लिहिणे विसरू नये. वाळल्यावर तांबड्या आणि करड्या फुलातला फरक उरत नाही. ओळखीबद्दल शंका असल्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली नाशिक जिल्ह्याची वनस्पतीसूची पाहावी. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती मिळू शकते. सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रात तुलनेसाठी वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रहही आहे.

नोंदवहीत एकच झुडूप वर्षभर पाहिलेले असावे, हे दहा झुडपे एकेकदा पाहण्यापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. महिन्यातून एकदा जावे आणि पालवी, कळी, तांबडे फूल, करडे फूल, हिरवी शेंग, काळी शेंग, उकललेली शेंग, पानगळ यांपुढे खूण करावी. होळीच्या सुमारास पाने झडून काड्यांवर उकललेल्या शेंगा तेवढ्या लोंबत असतात. त्या काळात ओळख सर्वांत सोपी. वैशाखात शेंगाही गळालेल्या असतील तर झुडपाखालची माती चाळून जुन्या पेटिकांचे तुकडे शोधावेत.

बियांपासून रोप

बी पौष-माघात, शेंग काळी पडून तडकण्याच्या बेतात असताना गोळा करावे. उकललेल्या शेंगेतील बहुतेक बी आधीच सांडलेले असते. शेंगा कागदावर पसरून सावलीत वाळवल्या की बी आपोआप बाहेर पडते. ते पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावे आणि बुडालेले वाळवून कागदी पुडीत, तारखेसह, जूनपर्यंत ठेवावे.

तसेच पेरल्यास यातील फार थोडे उगवते, कारण भेंडी-कुळातील अनेकांप्रमाणे याही बीचे कवच पाणी आत शिरू देत नाही. रानात ऊन, वणवा आणि काळ हे कवच झिजवतात. घरी ते काम आपल्याला करावे लागते. पाणी उकळून आचेवरून उतरवावे, दोन-तीन मिनिटे निवू द्यावे, त्यात बी टाकून भांडे झाकावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. उकळत्या पाण्यात बी शिजवू नये. सकाळी जे बी फुगले असेल ते पेरणीला तयार, न फुगलेले पुन्हा एकदा त्याच रीतीने घ्यावे किंवा बारीक सॅंडपेपरच्या दोन तुकड्यांमध्ये हलक्या हाताने घासावे.

लाल माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन पिशव्या भराव्यात, तळाला भोके पाडावीत आणि बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल न पेरता वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पेरलेले बरे, मात्र पिशव्या थेट सरींखाली न ठेवता पत्र्याच्या वळचणीला ठेवाव्यात. उगवण एकाच वेळी होत नाही. काही बी आठवड्या-दोन आठवड्यांत, काही महिन्यानेही डोके वर काढते, त्यामुळे रिकामी दिसणारी पिशवी लगेच उपडी करू नये. रोप वीतभर झाले की पुढच्या पावसाळ्यात, पाणी साचणार नाही अशा उताराच्या जागी, फूटभर खोल खड्ड्यात लावावे. नाशिक शहराच्या काळ्या जमिनीत लावायचे असेल तर खड्ड्यात मुरूम घालून निचरा करावा, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे.

प्रत्येक पिशवीत नाव आणि तारखेची पट्टी खोचून ठेवावी, आणि घरात बागकाम करणाऱ्या सर्वांना ती दाखवावी. केवणीचे कोवळे रोप अगदी रस्त्याकडेच्या तणासारखे दिसते, आणि माझी पहिली अकरा रोपे मी गावाला गेलो असताना कुणीतरी मोठ्या निगुतीने, मुळासकट, तण म्हणून उपटून टाकली होती.